डिजिटलवरची डॉक्टरीण

मला कुणी 'डॉक्टरीणबाई' म्हणून हाक मारली की अजूनबी मी मागं वळून बघतो, दुसरं कोण हाय काय म्हणून. मी डॉक्टर न्हाय. हे मी इतक्या जणास्नी सांगितलंय की आता सांगायलाबी दम लागतो. मी बायोलॉजी शिकत होतो, तीबी परदेशात, तीबी अर्धीच. आणि आता इथं कोल्हापुरात सासरी कडंवर पोरगं घेऊन बसलोय, आणि मला एकच भ्या हाय, की लोकं मला डॉक्टर समजत्यात म्हणून एक दिवस कुणाचं तरी लेकरू जाणार. माझं स्वतःचंच जाता जाता राहिलंय.

मी बाई असून 'शिकत होतो, बसलोय' म्हणतोय म्हणून हसू नका. आमच्याकडं बायकाबी 'येतो, जातो'च म्हणत्यात. तिकडं हॉस्टेलात पुण्याची एक पोरगी होती, ती मला पहिल्या दिवशी म्हणाली, "तू मुलगा आहेस का गं?" मी म्हटलं, "न्हाय बाई, कोल्हापूरची हाय." तेवढ्यावरनं आमची मैत्री झाली.

सुरुवात डिजिटलपास्नं झाली. डिजिटल म्हंजे चौकात लावत्यात तो फोटोचा मोठा बोर्ड. आमचं गाव कागलच्या पल्याड. पप्पा तिथल्याच फाइव्ह स्टार नावाच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. मी बारावी सायन्स काढली, पण इथं मेडिकलला काय नंबर लागला न्हाय. मग एका एजंटानं कोल्हापुरात हॉल घेऊन सगळ्या आईबापांस्नी सांगितलं, फिलिपिन्सला पाठवा, आधी तिथं बायोलॉजीची डिग्री, मग डॉक्टरकी, सगळं इंग्लिशमधनं, हवा आपल्यागत, जेवण भाताचं. पप्पांस्नी भाताचं ऐकून लई बरं वाटलं. पोरगी उपाशी तरी राहणार न्हाय म्हणाले.

मी जायच्या आधीच तरुण मंडळाच्या पोरांनी एसटी स्टँडवर डिजिटल लावला. माझा फोटो कॉलेजच्या आयकार्डावरचा, तोंड तेवढं कापून दुसऱ्याच कुठल्यातरी बाईच्या अंगावर बसवलेलं. त्या बाईला पांढरा कोट, गळ्यात नळी. मान गोरी आणि तोंड माझं. वर मोठ्या अक्षरात, आमच्या गावची कन्या डॉक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेली सगळी पोरं, त्यात एक तर माझ्याच वर्गात नापास झालेलं.

मी पप्पांस्नी म्हटलं, "पप्पा, मी अजून विमानात बी बसलो न्हाय."

"असू दे की. आज ना उद्या होणारच हायस. पोरांची हौस हाय."

"काढायला सांगा की."

"लावलेला डिजिटल काढत्यात व्हय गं? अपशकुन असतोय."

आमच्याकडं असंच हाय. कुणाचा बैल शर्यतीत आला, डिजिटल. पोरगं भरतीला पळायला गेलं, डिजिटल. मागनं ते पोरगं पडलं, न्हाय निवडलं, तर तसा डिजिटल कुणी लावत न्हाय. लोकांच्या डोक्यात पहिलाच राहतो.

तिकडं गेलो आणि पहिला महिना नुसता रडलो. भात होता, सकाळ-दुपार-संध्याकाळ भातच होता, पण चपाती न्हाय, आणि सुक्या मासळीचा वास सगळ्या गल्लीत. माणसं मात्र लई चांगली. कायम हसणार. वर्गात मॅडम धडा संपला की गाणं म्हणायच्या. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत, बारावीत नुसतं पाठ करून पास झालेली. त्या मॅडमचं इंग्लिश आणि माझं इंग्लिश वाटेत कुठंच भेटायचं न्हाय. त्या विचारायच्या, कळलं का, आणि मी मान हलवायचो. पेशी, झाडाची मुळं, बेडकाचं काळीज, सगळ्याला मान हलवली. इंटरनॅशनल स्टुडंट म्हणून आमच्या गळ्यात वेगळ्या रंगाच्या दोरीचं कार्ड होतं. त्या दोरीकडं बघून मॅडम जरा सावकाश बोलायच्या, मग तर मला जास्तच लाज वाटायची.

मग मांजर आलं. आमच्याकडं कॉलेजात बेडूक कापत्यात, तिकडं मांजर. औषधात बुडवून ठेवलेलं, ताठ, दात विचकलेलं. डोळ्यातनं नुसतं पाणी यायचं त्या वासानं. माझी जोडीदार तिथलीच पोरगी, तिनं पहिल्यांदा कापायच्या आधी हात जोडले आणि मांजरासाठी प्रार्थना केली. मीबी जोडले. तिनं छाती उघडली. मला वाटायचं, फुप्फुस म्हंजे फुग्यागत असंल. ते भिजलेल्या स्पंजागत होतं, राखेच्या रंगाचं. मी खुणा करून विचारलं, ह्यात नळीनं फुंकलं तर फुगंल का? मॅडमनी न्हाय म्हणून मान हलवली. मेलेलं फुगत न्हाय म्हणाल्या, आतनं घट्ट झालंय. तेवढं एक वाक्य मला पुरतं कळलं. बाकीची शिकवण गेली सगळी, ते तेवढं राहिलं.

मग तो कोरोना आला आणि आमास्नी सगळ्यांस्नी घरला पाठवलं. मी घराच्या पत्र्यावर चढून फोनवर वर्ग ऐकायचो, कारण खाली रेंज न्हाय. ऊन असलं की पत्रा भाजायचा, पाऊस असला की आवाज यायचा न्हाय. प्रॅक्टिकल राहिली ती राहिलीच. नंतर कळलं, नियम बदलला, तिकडची ती बायोलॉजीची वर्सं आता इथं डॉक्टरकीत धरत न्हाईत. एजंटाचा फोन लागायचा बंद झाला. पप्पा एसटी स्टँडवर चहाला जायचे, ते जाईनात झाले.

वळवाच्या वाऱ्यात डिजिटल एका बाजूनं सुटला, तो पप्पांनी गुपचूप घरला आणला आणि म्हशीच्या गोठ्यावर टाकला. गावात जुन्या डिजिटलचं हेच करत्यात, पाणी आत येत न्हाय. छापलेली बाजू आतल्या अंगाला केली, लोकांस्नी दिसू नये म्हणून. मग झालं काय, धार काढायला बसलो की वर माझंच तोंड, कोट घालून हसतंय. म्हस बिचारी खाली बघून रवंथ करायची.

तरीबी एका मध्यस्थाच्या फोनमधी तो फोटो राहिलाच होता. त्यावरनं स्थळ आलं. बघायला आले तेव्हा आमास्नी दोघांस्नी बोलायला परड्यात सोडलं, तेव्हा मी ह्यांना सरळ सांगितलं, "मी डॉक्टर न्हाय. बायोलॉजी हाय, तीबी अर्धी हाय."

हे गोठ्याकडं बघत होते. म्हणाले, "असू दे. मीबी आयटीआय हाय. पुढं शिक की, कोण नको म्हणतंय? फक्त माझ्या आईला एवढ्यात काय बोलू नको. मी सांगतो सावकाश."

हे स्वभावानं गरीब हायत. सावकाश म्हंजे किती सावकाश, ते मला तेव्हा कळलं न्हाय.

सासूला आमी आत्ती म्हणतो, सासऱ्यास्नी मामा. मामा एसटीत ड्रायव्हर होते, आता घरीच असत्यात. लग्न करून आलो तर घराच्या पुढच्या अंगाला शटरची एक खोली. आत हिरवा पडदा, टेबल, आणि भिंतीला लागून एक लांब बाकडं. आत्ती म्हणाली, "हे तुझं. पेशंटास्नी बसायला." मी ह्यांच्याकडं बघितलं. हे बूट काढत होते.

गल्लीतल्या बायका दुसऱ्या दिवसापास्नंच. गुडघा धरून, पोट धरून, नातवाला धरून. मी सगळ्यांस्नी एकच सांगायचो, मी डॉक्टर न्हाय, दवाखान्यात दाखवा.

"बघा की, एवढी शिकल्या पण गर्व न्हाय," असं म्हणायच्या.

"अजून सुरू केलं न्हाय तिनं," आत्ती म्हणायची. "पोटूशी हाय न्हवं. बाळ जरा मोठं झालं की बसणार हाय."

मी तिला एकदा भाकऱ्या थापताना धीर करून म्हटलं, "आत्ती, मी खरंच न्हाय हो डॉक्टर. माझं अर्ध्यात सुटलं."

ती म्हणाली, "सगळ्यांचंच अर्ध्यात सुटतंय. मी चौथी अर्ध्यात सोडली, तरी घर चालवलं न्हवं?" आणि भाकरी उलटली.

पोरगं झालं. गुटगुटीत होतं. पाचव्या महिन्यात त्याला सर्दी झाली, नाक वाहायला लागलं, खोकायला लागलं. आत्तीनं ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली. बरं वाटल्यागत झालं. मग एका सकाळी ते दूध ओढंना. तोंड लावायचं आणि सोडायचं, दमल्यागत. मी झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. पोट वर-खाली, वर-खाली, जसं काय पळून आलंय.

हे पहिल्या पाळीला गेलते. कंपनीत फोन गेटवर ठेवून घेत्यात, म्हणून लागायचा प्रश्नच न्हाय. मी आत्तीला म्हटलं, "पोरांच्या दवाखान्यात नेऊया."

"कशाला?" आत्ती म्हणाली. मनापास्नं इचारलं तिनं, टोमणा न्हवता. "तू हायस की."

"मला न्हाय कळत ह्यातलं."

"कळंना म्हंजे? एवढी वर्सं काय केलंस मग तिकडं?"

शेजारच्या काकू कोथिंबीर मागायला आल्यात्या, त्या दारातनंच म्हणाल्या, "अवो, घरात डॉक्टर आणि तुमी ओवा शेकताय व्हय?" आणि हसल्या. आत्तीचं तोंड उतरलं. काकू गेल्यावर तिनं शटर खाली ओढून घेतलं.

मामा म्हणाले, "ती म्हणतीया तर जाऊया की गं."

"जाऊया तर जाऊया. पण मग उद्या त्या बाकड्यावर कोण बसंल? हिला स्वतःचं पोरगं कळंना म्हणतील." मग माझ्याकडं वळून, लई मायेनं, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाळा, तू घाबरल्यास कारण तू आई हायस. जरा आईपण बाजूला ठेव आणि डॉक्टर म्हणून बघ. सुचंल तुला."

हे मी जन्मात इसरायचो न्हाय. तिचा खरंच इस्वास होता. शिव्या दिल्या असत्या तर मी कवाच बाहेर पडलो असतो. मायेनं म्हणाली आणि मी थांबलो.

आणि मी बघितलं हो. डॉक्टर म्हणून बघितलं. पोराला पलंगावर झोपवलं, झबलं काढलं आणि सगळं आठवायचा प्रयत्न केला. ही श्वासनळी, हिथं दोन फाटे, ते आत बारीक बारीक होत जात्यात, शेवटाला द्राक्षाच्या घडागत पिशव्या. नावं इंग्लिशमधनं आली, फटाफट आली, परीक्षेत आली न्हवती तेवढी आली. पण करायचं काय, ते त्यात कुठंच न्हवतं. आणि मग ते मांजर आलं डोळ्यापुढं. राखेच्या रंगाचं. मेलेलं फुगत न्हाय, मॅडम म्हणाल्यात्या. माझ्या पोराची छाती फुगायला धडपडत होती आणि मी तिथं उभा राहून धडा म्हणत होतो.

आत्ती म्हणाली, "सुचलं काय?"

पोराच्या ओठाच्या कडंला निळसर झालतं. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि शटर एका हातानं उचलून बाहेर पडलो. पायात काय न्हाय. गल्लीतनं पळत सुटलो. मला दम्याचा तरास न्हाय, पण त्या दिवशी माझा आणि पोराचा श्वास एकाच तालात चालला होता, दोघांचाबी पुरत न्हवता. कोपऱ्यावर रिक्षा होती. मागनं मामा आले, माझ्या चपला हातात घेऊन, तेबी धापा टाकत.

रिक्षावाला म्हणाला, "कुठं, पावणं?"

"पोरांचा दवाखाना. कुठलाबी," मामा म्हणाले. "जवळचा."

दवाखान्यात पोराला बघितल्या बघितल्या माझ्या हातातनं काढून घेतलं. नाकाला नळी लावली. डॉक्टर तरणेच होते. कधीपास्नं हाय, काय दिलं, म्हणून विचारायला लागले, आणि मामांच्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं, "आमची सून डॉक्टर हाय."

डॉक्टर माझ्याकडं वळले आणि भराभर इंग्लिशमधनं बोलायला लागले. मी मान हलवली. फिलिपिन्समधी हलवायचो तशीच. ते थांबले, आणि मग मराठीत म्हणाले, "मॅडम, तुम्ही डॉक्टर असून बाळाला इतक्या उशिरा आणलंत?"

तिथं माझं सगळं बांधलेलं सुटलं. मी म्हटलं, "मी डॉक्टर न्हाय. मी नुसतं मांजर कापलंय."

तिथली सिस्टर फिसकन हसली आणि मग माझं तोंड बघून पोराची नळी नीट करायला लागली. डॉक्टर हसले न्हाईत. म्हणाले, "मग डॉक्टर कोण म्हणतं तुम्हाला?"

मामा खाली माझ्या पायाकडं बघत राहिले. चपला अजून त्यांच्याच हातात होत्या.

पोराला कितीतरी दिवस तिथं ठेवलं. फुप्फुसात कफ भरलाय म्हणाले. हे कंपनीच्या कपड्यातच आले, ऑइलचा वास घेऊन, काचेतनं पोराकडं बघत उभे राहिले. मी म्हटलं, "आता तरी सांगा आईला." हे म्हणाले, "सांगतो. पोरगं घरी येऊ दे." ह्यांच्या डोळ्यात पाणी होतं, त्यात आणि काय बोलायचं?

पोरगं घरी आलं. वाचलं. पण अजून जरा सर्दी झाली की छाती वाजतीया, आणि मी रोज त्याचं झबलं वर करून खड्डा पडतोय का बघतो.

मामांनी दवाखान्यातनं आल्या आल्या एक काम केलं. कुणाला न इचारता ते बाकडं शटरच्या खोलीतनं उचललं आणि मागं धुण्याच्या दगडाजवळ नेऊन ठेवलं. मला वाटलं, सुटलो. मी त्यांच्या पाया पडायचा तेवढा राहिलो होतो.

आत्तीनं पोराची मीठ-मोहऱ्यानं दृष्ट काढली. बायका बघायला आल्या. मी आत पोराला पाजत होतो आणि बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. आत्ती सांगत होती, "आमी ओवाच शेकत बसलोतो. पण हिनं झबलं वर केलं आणि एका नजरंत वळखलं. पायात चप्पल न्हाय, तशीच पळाली. दवाखान्यातलं डॉक्टरबी हिच्यासंगं इंग्लिशमधनंच बोलत होतं, आमच्या ह्यांनी ऐकलंय."

"शिक्षण ते शिक्षण," काकू म्हणाल्या.

मी पोराला घेऊन दारात गेलो. म्हटलं, "मी न्हाय वळखलं, आत्ती. मला काय सुचलं न्हाय. म्हणून पळालो."

"व्हय गं, व्हय. जा, पोराला गार लागंल," आत्ती म्हणाली. आणि बायकांकडं बघून, "बघितलंसा न्हवं? कध्धी मोठेपणा घ्यायची न्हाय."

मामा तिथंच खुर्चीत होते. त्यांनी पेपर वर धरला. चार दिवसांनी मामांनीच बाकडं परत आत आणलं. बायका उभ्या राहत होत्या, बरं दिसंना, म्हणाले.

आता आधीपेक्षा जास्त येत्यात. आईला सांगितलं, असं हे म्हणत्यात. काय सांगितलं कुणास ठाऊक. आत्तीच्या वागण्यात काय फरक न्हाय. पप्पांस्नी फोन केला तर ते म्हणाले, "लोकं मानत्यात तर मान हाय की गं, लोकं काय वाईट म्हणत न्हाईत." त्यांस्नीबी तेवढंच उरलंय. गोठ्यावरचा तो डिजिटल अजून हाय, आई सांगत होती, रंग जरा इटलाय पण गळत न्हाय.

परवा दुपारी मी पोराला कडंवर घेऊन शटरच्या खोलीत होतो, तवा एक पोरगी आली. माझ्याच वयाची असंल, न्हायतर बारकीच. शाहूवाडीकडची, हिकडं नवऱ्यासंगं बांधकामावर आल्या म्हणाली. तिच्या पदरात बाळ होतं. ती बाकड्यावर बसली आणि मी पदर बाजूला केला, आणि मला तो खड्डा दिसला. बरगड्यांच्या खाली. वर-खाली, वर-खाली.

मी म्हटलं, "ऊठ. आत्ता दवाखान्यात जा. पोरांच्या."

"हाच न्हवं दवाखाना?"

"न्हाय. मी डॉक्टर न्हाय. ऊठ बघू."

ती उठंना. माझ्याकडं बघून हसली, घाबरलेलं माणूस हसतंय तशी. "अक्का, असं करू नका. तुमचं पोरगं असंच झालतं आणि तुमीच वाचवलं म्हणं. तुमच्या गल्लीतल्याच एका बाईनं सांगितलं मला, दुसरीकडं जाऊ नको म्हणून. लांबनं आलोय मी."

मी तिचा हात धरून ओढला. ती बाकड्याला धरून बसली. मग माझ्या ध्यानात आलं, मी सांगून ही जायची न्हाय, मीच हिला घेऊन गेलं पायजे. म्हणून मी आत पळालो, पोराला मामांकडं द्यायला आणि चपला घालायला. चपला सापडंनात. दारामागं न्हाईत, पलंगाखाली न्हाईत. माझं पोरगं मला सोडंना, गळ्याला धरून रडायला लागलं.

बाहेर ती पोरगी कुणाला तरी म्हणत होती, "आत गेल्यात. औषध आणायला गेल्या असतील."

"येतीया, येतीया," आत्तीचा आवाज आला. "तू बस निवांत." आणि तिनं पंखा लावला.